आठ टक्के वेग, सदतीस टक्के घाम

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कुठल्याही सोसायटीत असा एक इसम हमखास सापडतो, ज्याचा संगणक व्यवस्थित चालू असतो आणि नेमकं तेच त्याला सहन होत नाही. नौपाड्यात तो बँकेत असतो, डोंबिवली पूर्वेला आयटीत असतो, कल्याणला खडकपाड्यात क्लासेस चालवतो. पण रात्री साडेअकरानंतर तिघेही एकच काम करतात. कॅबिनेटची एक बाजू उघडी टाकून, टेबल फॅनचं तोंड आत वळवून, कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जरा जास्त पळतो का ते बघतात. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. घरात ‘त्याचं ते सुरू झालं’ म्हणतात.

खरं तर या छंदाचं मूळ अगदी मध्यमवर्गीय आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. मदरबोर्डच्या बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, त्याला साडेचारने गुणायचं, झाले ३००. गुणक कंपनीने पक्का करून टाकला होता, बसला मात्र कुलूप नव्हतं. ६६ च्या जागी १०० केलं की त्याच पैशांत ४५० मेगाहर्ट्झ! ज्या मदरबोर्डावर अशी सोय नव्हती, तिथे बी२१ या पिनेवर चिकटपट्टी किंवा नेलपॉलिश लावायचं. त्या एका ठिपक्याने मदरबोर्डाचा गोड गैरसमज व्हायचा आणि तो आपणहून १०० ची बस द्यायचा. पुढे २००० च्या सुमाराला एएमडीच्या ॲथलॉन आणि ड्युरॉनवरचे बारीक तुटके पूल शिसपेन्सिलीने जोडले की गुणकच मोकळा व्हायचा. एक बाटली ताईच्या ड्रेसिंग टेबलावरची, एक पेन्सिल धाकट्याच्या दप्तरातली, आणि घरात दीडपट वेगाचा संगणक. तीनशेचं घ्यायचं आणि साडेचारशेचं वापरायचं! नवीन साबण आणला की जुन्याची चिपटी त्याला चिकटवणाऱ्या गावांत हा छंद रुजला नसता तरच नवल.

कंपन्यांच्या हे लक्षात आलं. आपली चीज कोणीतरी काटकसरीने वापरतंय, हे कुठल्याच कंपनीला बघवत नाही. २०१० मध्ये इंटेलने एका पेंटियमसाठी चक्क पन्नास डॉलरचं कार्ड विकायला काढलं. कार्डावरचा कोड टाका, म्हणजे तुम्ही आधीच विकत घेतलेल्या चिपमधला, आतच असलेला पण बंद ठेवलेला भाग सुरू होईल. लोकांनी इतकी टर उडवली की पुढच्याच वर्षी ते गुंडाळावं लागलं. पण २०११ च्या जानेवारीत सँडी ब्रिज प्रोसेसर आले तेव्हा बस वाढवून फसवण्याची वाट जवळजवळ बुजली. वेग वाढवायचाय? मग नावामागे ‘के’ लावलेला महागडा प्रोसेसर घ्या आणि पुढे त्याला साजेसा ‘झेड’वाला मदरबोर्ड घ्या. २०१२ मध्ये तर ओव्हरक्लॉकिंगमध्ये प्रोसेसर जळाला तर एकदा बदलून देणारी विम्यासारखी योजनाही आली, हप्ता वेगळा. ती २०२१ पर्यंत चालली. थोडक्यात, पैसे वाचवायला निघालेल्या माणसाला वाचवण्याचा परवाना विकत मिळू लागला.

आता ‘के’चे जास्तीचे, ‘झेड’ बोर्डाचे जास्तीचे, दोन पंख्यांच्या कूलरचे आणि दणकट एसएमपीएसचे जास्तीचे असे सगळे पैसे एकत्र केले, तर ओव्हरक्लॉकिंग न करता वरच्या वर्गातला प्रोसेसर सरळ घरी येतो. हे गणित इसमाला माहीत नसतं असं नाही. तो ते एक्सेलमध्ये मांडतो, बेरीज बघतो, आणि फाइल सेव्ह न करता बंद करतो.

सध्याच्या इसमाच्या टेबलाखाली बहुधा रायझन ५ १६०० असतो. एप्रिल २०१७ मध्ये आलेला, सहा कोअरचा, मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ आणि जोर आला की ३.६. इसमाने तो ३.९ वर बसवलेला असतो आणि ओळख करून देताना हे तो स्वतःच्या नावानंतर लगेच सांगतो. ३.६ वरून ३.९ म्हणजे वेगात आठ टक्के वाढ. त्यासाठी व्होल्टेज समजा १.२ वरून १.३५ वर न्यावं लागलं. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या बाबतीत ती त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. गुणाकार केला तर उत्तर येतं सदतीस टक्के जास्त उष्णता. आठ टक्के वेग, सदतीस टक्के घाम.

हा घाम जातो कुठे? खोलीत. कूलर कितीही भारी असला तरी तो चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि डोंबिवलीतल्या मे महिन्याच्या हवेबद्दल काय बोलावं! कूलरच्या खोक्यावरचे आकडे ज्या प्रयोगशाळेत काढतात, तिथले लोक बहुधा स्वेटर घालून बसत असावेत. इथे खोलीतच पस्तीस अंश. मग संगणकासाठी एसी लागतो.

“त्या डब्याला एसी आणि मला पंखा?” आजी विचारते.

“आजी, त्याचं तापमान ब्याऐंशी आहे गं.”

“माझं वय ब्याऐंशी आहे.”

आजी एसीच्या खोलीत येते. महिनाअखेर वीजबिल शंभर ते तीनशे युनिटांचा टप्पा ओलांडून वरच्या टप्प्यात जातं, आणि त्या आठ टक्क्यांचा प्रति युनिट दर घरात सगळ्यांना पाठ होतो.

तर अशा यंत्राचा प्रोसेसर बदलायचं ठरतं. ठरण्यामागे कारण लागत नाही. नुसती कुणकुण पुरते. २०१७ मधल्या एएम४ सॉकेटच्या मदरबोर्डांवर २०२२ मध्ये आलेले प्रोसेसरही बसतात, ही एएमडीची खरोखर कौतुकाची गोष्ट. पण त्यामुळे निवड सोपी व्हायच्या ऐवजी इसमाची झोप उडते. ५६०० घ्यावा, ५७००एक्स घ्यावा, की ५८००एक्स३डी? सकाळच्या फास्टमध्ये, दिवा ते ठाणे, त्याची सल्लागार समिती बसते; म्हणजे उभी असते.

“५६०० घे आणि मोकळा हो.”

“त्याला सहाच कोअर आहेत.”

“मग तुला किती हवेत?”

“आठ.”

“करतोस काय त्यांचं?”

इसम मुंब्र्याच्या डोंगराकडे बघू लागतो.

यातली खरी गंमत ५८००एक्स३डीची. त्यात प्रोसेसरच्या वर जास्तीच्या कॅश मेमरीचा एक थर चढवलेला आहे. एकूण ९६ एमबी तिसऱ्या पातळीची कॅश. गेम खेळायला या सॉकेटवर त्याच्या तोडीचं काही आलं नव्हतं. पण तो वरचा थर जास्त व्होल्टेज सोसत नाही म्हणून एएमडीने त्याचा गुणक कुलूपबंद करून विकला. म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच्या यंत्रात घालायला सगळ्यांत वेगवान प्रोसेसर कोणता, तर ज्याचं ओव्हरक्लॉकिंग करता येत नाही तो. इसम हे वाचतो आणि त्या प्रोसेसरवर काट मारतो. हातात काही करायला नसेल तर वेगाचा उपयोग काय? तो कमी वेगाचा, पण कुलूप नसलेला घेणार, त्याला तापवणार, आणि शेवटी कुलूपवाल्याच्या मागेच राहणार. प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल तर गेमसाठी कुलूपवाला घ्यावा, बाकी कामांना ५६०० घ्यावा आणि गप्प बसावं. पण गप्प बसणाऱ्याने हा छंद मुळात घेतलेलाच नसतो.

खरेदीला लॅमिंग्टन रोडच लागतो. घरबसल्या मागवलेलं पार्सल उघडण्यात ती मजा नाही. शनिवारी डोंबिवलीहून दादर, तिथे पूल चढून पश्चिम रेल्वेची स्लो, ग्रँट रोडला उतरून चालत. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते फक्त पाटीला माहीत. इथे प्रश्नांची उत्तरं प्रश्नांनीच मिळतात. प्रोसेसर मागितला की “बॉक्स पीस की ट्रे?” किंमत विचारली की “बिल पाहिजे?” बिल पाहिजे म्हटलं की किमतीत १८ टक्के जीएसटी येतो आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावर दुःख येतं. रॅमच्या काउंटरवर तर संवाद वेगळ्याच पातळीवर जातो.

“३६०० ची आहे? सीएल किती?”

“लाइटवाली देऊ का साधी?”

“लाइट नको. सीएल सांगा.”

“लाइटवाली घ्या साहेब, स्पीड जास्त असते.”

या सीएलचा, म्हणजे रॅमच्या उशिराच्या आकड्याचा, हिशेब मात्र एकदा सविस्तर बघण्यासारखा आहे. रॅमकडे माहिती मागितल्यापासून पहिला घास हातात पडेपर्यंत किती वेळ जातो, ते काढायला सीएलचा आकडा २००० ने गुणायचा आणि रॅमच्या वेगाच्या आकड्याने भागायचा, उत्तर नॅनोसेकंदात. ३२०० ची सीएल१६ घ्या, उत्तर १०. ३६०० ची सीएल१८, पुन्हा १०. म्हणजे काउंटरवर ज्या दोन खोक्यांपुढे इसम तासभर डोकं धरून उभा होता, त्यांची वाट बघायला लावायची वेळ अगदी सारखी. आता मागे जा. डीडीआर३ ची १६००, सीएल८: १०. डीडीआर२ ची ८००, सीएल४: १०. वीसेक वर्षांपूर्वीची चांगल्यातली डीडीआर ४००, सीएल२: तेव्हाही १०. आणि पुढे? डीडीआर५ ची ६०००, सीएल३०. दहा!

मग इतकी वर्षं वाढलं काय? एका वेळी येणारा माल वाढला. हे डोंबिवलीकराला समजावून सांगावं लागत नाही. लोकलला नऊ डबे होते, बारा झाले, २०१२ मध्ये मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांचीही आली. माणसं जास्त मावू लागली, पण डोंबिवलीहून सीएसएमटी फास्टने सव्वा तासाच्या आसपास होतं, ते तिथेच आहे.

एवढं कळल्यावरही इसम ३६०० चीच घेतो, कारण ३२०० त्याच्या भावजींकडे आहे. आणि दोन स्टिक पुरत असताना चार घेतो, कारण मदरबोर्डावर चार खाचा आहेत आणि दोन रिकाम्या बघवत नाहीत. इथे, निदान नवा प्रोसेसर बसेपर्यंत, रायझन १६०० चा एक छापील नियम आड येतो. दोन्ही बाजूंनी चिपा असलेल्या चार स्टिक लावल्या तर हा प्रोसेसर अधिकृतपणे फक्त १८६६ च्या वेगाची हमी देतो. मेमरी दुप्पट, वेग निम्मा, आणि खर्च... खर्चाची पावती लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात असते आणि ती तिथेच राहील.

परतीचा प्रवास संध्याकाळचा. हातात काचेच्या दाराचं नवं कॅबिनेट, कारण “आलोच आहे तर”. असं खोकं घेऊन दादरला फास्टमध्ये चढू पाहणाऱ्याला पब्लिक शब्दाने मारत नाही, नुसतं बघतं. शेवटी मालडबा. तिथे माशांच्या रिकाम्या टोपल्यांच्या पलीकडे इसम कॅबिनेटला मिठी मारून ठाण्यापर्यंत उभा. टोपलीवाली मावशी बराच वेळ निरखून शेवटी विचारते, “फिश टँक काय रे?”

घरी आल्यावर लगेच प्रोसेसर बसवता येत नाही. जुन्या मदरबोर्डाला नवा प्रोसेसर ओळखू यावा म्हणून आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, बदलावं लागतं, आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावं लागतं. हे चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डाची वीट होते. म्हणून रात्री दोनचा मुहूर्त. घरात आचारसंहिता जाहीर होते: गीझर नाही, मिक्सर नाही, फ्रिजचं दार उघडायचं नाही. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी गेली आहे; ती बदलण्याचे पैसे रॅमच्या लाइटमध्ये गेले. पडद्यावर आकडा सरकतो. बारा टक्के. एकतीस टक्के. सत्तेचाळीस टक्के. आणि मानपाड्यापासून ठाकुर्लीपर्यंत गुडूप अंधार.

दुसऱ्या दिवशी बोर्ड दुरुस्तीच्या दुकानात. दुकानदार बोर्डावरच्या आठ पायांच्या एका चिमुकल्या चिपला चिमटा लावतो, दुसरं टोक स्वतःच्या लॅपटॉपला जोडतो आणि चहा संपायच्या आत बायोस पुन्हा भरतो. उत्सुकतेपोटी विचारतो, “अपडेट कशाला करत होतात?”

“प्रोसेसर बदलायचा होता.”

“जुना बिघडला?”

“नाही.”

“स्लो होता?”

“नाही हो. ३.९ वर चालवत होतो.”

दुकानदार पैसे थोडे कमी घेतो.

आता जुना प्रोसेसर काढणं. एएम४ च्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, केसांसारख्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या. वर कूलर, दोघांच्या मध्ये थर्मल पेस्ट. ती वर्षानुवर्षं तापून सुकली की तिचा गोंद होतो. जाणते लोक आधी संगणक चालवून पेस्ट ऊन करतात, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सुटा करतात. इसम सरळ वर ओढतो. सॉकेटची कडी लावलेलीच असते, तरी कूलरच्या बुडाला चिकटून प्रोसेसर उपटून बाहेर येतो आणि कडेच्या सात-आठ पिना आडव्या होतात. तो प्रोसेसर विकून पैसे वळते करायचं ठरलेलं असतं, त्यामुळे पिना सरळ करणं आलंच. त्याला उत्तम साधन म्हणजे शिसं काढून टाकलेली पॉइंट-फाइव्हची पेन्सिल. तिच्या पुढच्या धातूच्या नळीत एक पिन बरोबर मावते. मग श्वास रोखून एकेक केस उभा करायचा. धाकटी टॉर्च धरते, आजी भिंग आणून देते, आणि एरवी एकमेकांशी न बोलणारं ते घर पाऊण तास एका टेबलाभोवती उभं राहतं. या छंदातला हा एकमेव कौटुंबिक प्रसंग.

नवा ५६०० बसतो, चालू होतो. शेजारचे काका बघायला येतात.

“जुन्याला किती कोअर होते?”

“सहा.”

“आणि याला?”

“सहा.”

“असं होय,” म्हणून काका पेढा उचलतात.

खरं तर दोन्हींच्या सहांत पुष्कळ अंतर आहे, नवा ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत स्वतःच जातो आणि प्रत्येक फेरीत जास्त काम उरकतो. इथेच इसमाची पंचाईत होते. हल्लीचे प्रोसेसर तापमान, व्होल्टेज आणि भार बघून स्वतःला क्षणाक्षणाला इतकं ताणतात की माणसाला ताणायला फारसं काही शिल्लक ठेवत नाहीत. कंपन्यांची ही हौस अंगाशीही येते: इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही मोठे प्रोसेसर वाढीव व्होल्टेजपायी खराब होऊ लागले, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीला दुरुस्तीचा कोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. म्हणजे आता इसमाचं कामही कंपनीच करते.

त्याला उरतं ते व्होल्टेज कमी करून बघणं. त्यात वेगळीच लहर. रात्रभर कठोर चाचणी चालवली, सगळे कोअर शंभर टक्के राबवले, यंत्र पास. सकाळी इसम विजयी मुद्रेने आंघोळीला जातो, संगणक नुसता वॉलपेपर दाखवत बसतो, आणि तेवढ्यात बंद पडतो. कारण भार उतरला की प्रोसेसर व्होल्टेज खाली आणतो, आणि इसमाने त्यातूनही कापलेलं असतं. काम पडलं की ठणठणीत, रिकामा बसला की चक्कर. आजीच्या मते हे लक्षण घरातच आहे.

शेवटी या सगळ्यावर चालणार काय असतं? सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल, धाकटीचा प्रोजेक्ट, शनिवारी एखादा गेम, आणि गणपतीत कोकणकन्येचं तिकीट. आरक्षण उघडायच्या सकाळी अख्खं घर नव्या यंत्रामागे उभं राहतं. आठला पाच कमी असताना इसम सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडतो. आठ वाजतात. पान उघडतं, नावं भरून तयार, बटण दाबलं, आणि वेटिंग. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बायको मोबाइलवरून मान वर न करता म्हणते, “अहो, माझ्याकडून झाली चार कन्फर्म.” गर्दी तिकडे सर्व्हरच्या दारात असते, इकडे घरात प्रोसेसर कितीही पळाला तरी रांगेत कोणी पुढे घेत नाही.

या छंदाला आता नवं संकट आलं आहे. ठाण्याच्या पलीकडे ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात त्या बिनखिडक्यांच्या थोरल्या इमारती उभ्या राहिल्या आहेत ना, ती डेटा सेंटरं. जगभर अशा इमारतींत एआयसाठी मेमरी ओतली जाते आहे, आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा जुना ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. चिपा मोठ्या गिऱ्हाइकांना लागतात म्हणून. एरवी जुनी रॅम भंगारात देणारी माणसं आता ती कपाटात आतल्या बाजूला ठेवू लागली आहेत.

म्हणून ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या तमाम इसमांना एक विनंती. नवी रॅम घ्यायला दादरचा पूल चढण्याआधी घरच्या संगणकात टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि ‘स्पीड’पुढचा आकडा वाचा. ३२०० ची रॅम विकत घेऊनही तिथे २१३३ दिसत असेल, आणि कितीतरी घरांत तेच दिसतं, तर बायोसमध्ये एक्सएमपी नावाची एक सोय बंद पडून आहे. ती सुरू करा. दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत, आणि कोणाच्या पेन्सिलीला हात लावावा लागत नाही.